वेबसाइट शिकवतो म्हणाले आणि नावावर कर्ज काढलं

निकाल लागले की आमच्याकडे एसटी स्टँडबाहेर फ्लेक्स लागतात. यंदाही लागलेत. संस्थेचं नाव नवीन, मजकूर मात्र मी वाचला होता तोच: तीन महिन्यांत डेटाबेसवाली वेबसाइट शिका, नोकरीची हमी, फी सुलभ हप्त्यांत. याच मजकुराने माझी फसवणूक झाली आहे. आता गावातल्या दोन मुली प्रवेश घ्यायच्या बेतात आहेत म्हणून कळलं, त्यामुळे सगळं लिहून काढते आहे.

मी देवगड तालुक्यातली. आमची हापूसची कलमं आहेत. मार्च ते मे घरात फोन खाली ठेवायला उसंत नसते. कोणाला चार डझनी पेटी हवी, कोणाला सहा डझनी, कोणी पैसे आगाऊ भरलेले, कोणाचा पत्ता ऐनवेळी बदललेला. हे सगळं वहीत आणि व्हॉट्सॲपवर. 2018 मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ते नाव त्या भागातल्या मालालाच लावता येतं, आणि आता गिऱ्हाईकही विचारतं, तुमची नोंदणी आहे का, माल थेट बागेतून येतो का. ऑर्डर आपोआप नोंदली जाईल, कोणाचं किती येणं आहे ते एका ठिकाणी दिसेल, अशी वेबसाइट स्वतः बांधायला शिकावं असं मला वाटत होतं. ती इच्छा अजूनही चुकीची वाटत नाही. पीएचपी ही वेबसाइट बांधायची भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस, म्हणजे नोंदी साठवायची व्यवस्था. ही जोडी नवशिक्याला जमण्यासारखी आहे, फुकट मिळते आणि जगभरातल्या कितीतरी वेबसाइट तिच्यावर चालतात.

क्लास तालुक्याच्या ठिकाणी, बाजारपेठेत माडीवर होता. भिंतीवर चकचकीत प्रमाणपत्रं होती. पहिल्याच दिवशी सरांनी मोठ्या पडद्यावर एका होमस्टेची बुकिंगची वेबसाइट दाखवली. तारीख निवडली की रिकाम्या खोल्या दिसायच्या, नाव भरलं की आत नोंद व्हायची. ‘ही तुम्ही स्वतः कराल,’ म्हणाले. फी 36,000, महिन्याला 3,000 भरा, व्याज नाही.

पुढचा भाग नीट वाचा. काउंटरवरच्या मुलीने आधार आणि पॅनचे फोटो काढले, माझा सेल्फी घेतला, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान घेतलं. टॅबवर इंग्रजी मजकूर भराभर वर सरकवत ‘इथे सही, इथे सही’ करत राहिली. मग म्हणाली, ‘नोंदणी कन्फर्म करायला ओटीपी येईल, तेवढा सांगा.’ तो ओटीपी नोंदणीचा नव्हता. एका फायनान्स कंपनीकडून माझ्या नावावर 36,000 चं कर्ज मंजूर होत होतं आणि माझ्या खात्यातून दर महिन्याला परस्पर हप्ता कापायची परवानगी त्यातच दिली जात होती. कर्ज हा शब्द त्या खोलीत एकदाही कोणी उच्चारला नाही. क्लासला सगळी रक्कम सुरुवातीलाच एकदम मिळून गेली. म्हणजे मी शिकते की नाही, क्लास चालतो की बंद पडतो, याच्याशी त्यांचं देणंघेणं त्याच दिवशी संपलं.

आता शिकवणं. पेनड्राइव्हवर एक तयार फोल्डर दिलं आणि झॅम्पची जुनी आवृत्ती दिली. झॅम्प म्हणजे आपल्याच संगणकावर छोटा सर्व्हर चालवायचं फुकट मिळणारं साधन. फोल्डर अमुक जागी टाका, नाव बदला, रंग बदला, फोटो बदला. होमस्टेच्या जागी माझ्या आंब्याच्या पेट्या आल्या. रिकाम्या पानावर एक ओळसुद्धा आमच्यापैकी कोणाला लिहायला लावली नाही. टेबल, म्हणजे डेटाबेसमधला नोंदींचा तक्ता, असंच का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ते ॲडव्हान्स कोर्सला.

त्या फोल्डरमध्ये एकच टेबल होतं. गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, फोन, पुढे पेटी1, पेटी2, पेटी3. चौथी पेटी मागितली की जागाच नाही. तेच गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आलं की नाव-पत्ता परत भरायचा, आणि पत्ता बदलला तर कुठली नोंद खरी ते देव जाणे. डेटाबेस शिकायचा तो नेमका हा गोंधळ टाळण्यासाठी. गिऱ्हाइकांचं टेबल वेगळं, ऑर्डरचं वेगळं, एका ऑर्डरमधल्या पेट्यांचं तिसरं. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक क्रमांक आणि ऑर्डरच्या टेबलात नाव-पत्ता न लिहिता फक्त तो क्रमांक. पहिल्या आठवड्यात शिकवायची गोष्ट आहे ही. मला ती क्लास सुटल्यावर कळली.

एप्रिलमध्ये वसईच्या एका डिसूझांचा फोन आला. फॉर्म भरून ‘पाठवा’ दाबलं की पान पांढरं होतं आणि इंग्रजीत एसक्यूएलची, म्हणजे डेटाबेसला आज्ञा द्यायच्या भाषेची, चूक दिसते. मी घरी बसून त्यांचं नाव त्यांच्यासारखंच भरून पाहिलं. ते आडनाव इंग्रजीत लिहितात तसं: आधी डी, मग वर लोंबणारं एकेरी अवतरणचिन्ह, मग सूझा. तेच. चिन्ह काढलं की ऑर्डर जायची. क्लासमध्ये विचारलं तर सर म्हणाले, ‘गिऱ्हाइकाला सांगा चिन्ह घालू नका.’

पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये असलेला माझा मावसभाऊ मे महिन्यात घरी आला होता. त्याने कोड उघडला आणि माझ्याच लॅपटॉपवर मला दाखवलं. गिऱ्हाईक जे लिहील ते जसंच्या तसं एसक्यूएलच्या आज्ञेत चिकटवलं जात होतं. डिसूझांच्या नावातल्या चिन्हाशी मायएसक्यूएलला वाटायचं की नाव संपलं, आणि उरलेली अक्षरं तो आज्ञा म्हणून वाचायला जायचा. चांगल्या माणसाच्या हातून एवढ्यावर फक्त ऑर्डर अडते. वाईट हेतूचा माणूस त्याच फटीतून स्वतःची आज्ञा आत घालतो. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. भावाने लॉगिनच्या चौकटीत एक अवतरणचिन्ह आणि कायम खरी ठरणारी एक अट लिहिली. पासवर्ड न देता तो माझ्या ॲडमिनच्या पानावर होता. समोर आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांची नावं, फोन, घरचे पत्ते. माझा पासवर्डही तिथे उघडा, जसाच्या तसा साठवलेला.

यावरचा उपाय जुना आणि सोपा आहे. आज्ञा आधी तयार करून ठेवायची, गिऱ्हाइकाच्या मजकुराच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवायचं आणि मजकूर नंतर वेगळा पाठवायचा. मग तो कधीच आज्ञा म्हणून वाचला जात नाही. याला प्रिपेअर्ड स्टेटमेंट म्हणतात, पीएचपीत पीडीओ किंवा मायएसक्यूएलआय या साधनांनी ते करता येतं. पासवर्ड कोणाला वाचता येणार नाही अशा रूपात बदलणारं पासवर्ड हॅश नावाचं फंक्शन, म्हणजे तयार आज्ञा, 2013 पासून पीएचपीत आहे.

मग भावाने विचारलं, झॅम्प एवढं जुनं का? त्याने नवीन आवृत्ती टाकली आणि आमची वेबसाइट उघडलीच नाही. मायएसक्यूएल कनेक्ट नावाचं फंक्शन सापडत नाही, एवढीच तक्रार पडद्यावर. क्लासचा सगळा कोड त्या जुन्या फंक्शनांवर उभा होता. ती फंक्शनं वापरू नका असं पीएचपीने 2013 मध्येच जाहीर केलं होतं आणि डिसेंबर 2015 मध्ये आलेल्या 7.0 आवृत्तीतून ती काढूनच टाकली. ज्या 5.6 आवृत्तीवर आम्हाला ठेवलं होतं, तिच्या सुरक्षा दुरुस्त्या 2018 च्या अखेरीस बंद झाल्या. जुनं झॅम्प पेनड्राइव्हवर का दिलं, हे तेव्हा कळलं. नवीन उतरवून घ्या म्हटलं असतं तर पहिल्याच दिवशी पितळ उघडं पडलं असतं. मला सगळ्यात राग याचा आहे. पैसे जातात, परत मिळवता येतात. पण शिकायला आलेल्या पोरांना बाद झालेली विद्या द्यायची आणि ती बाद आहे हे कळू नये म्हणून बंदोबस्तही करायचा, याला क्षमा नाही. आमच्या बॅचमधली एक मुलगी याच कोडच्या जोरावर मुंबईला मुलाखतीला गेली होती.

गणपतीसाठी क्लास बंद झाला तो परत उघडलाच नाही. माडीला कुलूप, सरांचा फोन बंद. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, आणि होस्टिंग, म्हणजे ती इंटरनेटवर ठेवायची जागा, त्यांच्या खात्यातून घेतलेलं, त्यामुळे वेबसाइटही गेली. हप्ता मात्र पाच तारखेला कापला गेला. सासरे म्हणाले, ‘क्लास तर बंद आसा मा? मग पैशे कोण घेता?’ तेव्हा बँकेत गेले आणि फायनान्स कंपनीचं नाव पहिल्यांदा वाचलं.

आता जी मंडळी प्रवेश घ्यायला निघाली आहेत त्यांना कळकळीने सांगते. हप्ता क्लासला जाणार की कंपनीला, हे आधी कागदावर लिहून मागा. ओटीपी स्वतः वाचा, तो कुठून आणि कशासाठी आला हे त्या मेसेजमध्येच लिहिलेलं असतं, आणि फोन दुसऱ्याच्या हातात देऊ नका. कर्ज असेल तर व्याज, शुल्क, मुदत सांगणारं मुख्य तथ्य विवरण कर्जदाराला द्यावं लागतं, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. डिजिटल कर्जात सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत दंडाशिवाय बाहेर पडायची मुभाही असते. शिकवण्याबद्दल एवढंच विचारा: रिकाम्या डेटाबेसमध्ये टेबल आम्ही स्वतः बनवणार का, पीएचपीची कोणती आवृत्ती, आणि नावात अवतरणचिन्ह असलं तर काय होतं. शिकवणारा खरा असेल तर तिसऱ्या प्रश्नाला तो खूश होईल. डोमेन स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या पैशाने घ्या. आणि फी भरण्याआधी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे धडे बघा. फुकट आहेत, त्यातले बरेच मराठीतही आहेत. मी पुन्हा पहिल्यापासून तिथूनच सुरू केलं.

ज्यांची फसवणूक झालीच आहे त्यांनी गप्प बसू नका. ग्राहक हेल्पलाइन 1915. पैसे ऑनलाइन लुबाडले गेले असतील तर 1930. 2019 च्या ग्राहक कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. कोचिंग क्लास या कायद्याखाली येतात असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2020 च्या निकालात म्हटलं आहे, त्यामुळे ‘आम्ही शिक्षणसंस्था’ या सबबीला घाबरू नका. फायनान्स कंपनीला आधी लेखी तक्रार द्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. रागाने खात्यातले पैसे काढून हप्ता परस्पर चुकवू नका, सिबिलचा, म्हणजे कर्ज मिळवायच्या पतीचा, आकडा आपलाच पडतो.

माझी तक्रार आयोगात दाखल झाली आहे, सुनावणी व्हायची आहे. त्या बॅचमधल्या कोणाच्या वाचनात हे आलं तर फ्लेक्सचा फोटो, क्लासचे व्हॉट्सॲप मेसेज, कर्जाचं स्टेटमेंट आणि तो पेनड्राइव्ह जपून ठेवा. पेनड्राइव्हवरच्या फायली उघडून बदलू नका, तारखा तशाच राहायला हव्यात.