एक टक्का कलेचा सल्लागार: दोन पावसाळ्यांनंतर

बारा मजली ऑफिस इमारतीसाठी आम्ही कला-सल्लागाराची सेवा घेतली. दोनच माणसांची कचेरी, पण सल्लागार बाई एकटीच दहा जणांना भारी. काम संपल्या संपल्या लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते. मध्ये दोन पावसाळे गेलेत, आता साडेतीन देते.

मी प्रोजेक्ट आर्किटेक्ट. आमच्या मंजुरीपत्रात शेवटून तिसरी अट अशी होती: बांधकाम खर्चाच्या एक टक्का रकमेची कलाकृती, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल आणि जवळ जाता येईल अशी. ती जागेवर उभी राहिल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र नाही. नको असेल तर तेवढेच पैसे शहराच्या कला-निधीत भरायचे. आमच्या साहेबांनी तिसरी वाट काढली होती. लॉबीत कारंजं आहेच, ते दाखवू. नाहीतर कंपनीचं बोधचिन्ह पंधरा फुटी करून दारात लावू.

बाईंनी पहिल्याच बैठकीत दोन्ही निकालात काढलं. बोधचिन्ह म्हणजे जाहिरात, ती पाटीच्या नियमात जाते. कारंजं मी काढलेलं, म्हणजे ते माझ्या फीचं काम; आणि त्याचे दगडी हंस कॅटलॉगमधून आलेले. (हंस माझे नव्हते. नोंद असावी.)

मग साहेबांना कोर्ट आठवलं. आमच्या जमिनीवर आम्ही पुतळा का बसवायचा? बाईंनी कल्व्हर सिटीचं प्रकरण सांगितलं. तिथल्या बिल्डरने हाच सवाल केला होता. 1996 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की झाडं लावा, दर्शनी भाग असा ठेवा, या सौंदर्याच्या नेहमीच्या अटींसारखीच ही अट आहे. तो निकाल आम्हाला बांधील नव्हता, पण वकिलाच्या फीचा अंदाज ऐकून साहेब गप्प झाले.

या सेवेचा खरा मोबदला पैशांच्या तक्त्यात मिळाला. एक टक्का कशाचा, हा पहिला घोळ. परवान्याच्या अर्जात दाखवलेल्या बांधकाम खर्चाचा. जमिनीची किंमत त्यात नाही. दुसरा घोळ, त्या टक्क्यात काय बसतं. कलाकाराची फी, घडाई, वाहतूक, क्रेन, कलाकृतीपुरता स्ट्रक्चरल इंजिनिअर, नावाची पाटी, हे बसतं. आवारातले नेहमीचे दिवे आणि फरशी बसत नाही. आमच्या हिशेबनिसाने इमारतीपुढच्या अख्ख्या मोकळ्या चौकाची फरशी कलेच्या खात्यात टाकली होती. बाईंनी ती तशीच उचलून बाहेर काढली, तपासणीत शहराने काढली असती त्याआधी.

दुसरी कमाई वेळेची. चौकाखाली तळघर आहे. त्यांनी स्लॅबचं ड्रॉइंग निघण्याआधीच कलाकृतीचं वजन मागून घेतलं, त्यामुळे तिला धरून ठेवणाऱ्या अँकर प्लेटा स्लॅब ओततानाच बसल्या. नंतर वॉटरप्रूफिंग फोडून बोल्ट मारायची वेळ आली असती तर तळघरात आजही बादल्या ठेवल्या असत्या. कला शेवटी ‘बसवू’ म्हणणाऱ्यांनी एवढा परिच्छेद तरी दोनदा वाचावा.

निवड त्यांनी नीट केली. तीन कलाकारांना बोलावलं आणि तिघांनाही कच्च्या आराखड्याचे पैसे द्यायला लावले, फुकट चित्रं काढून घेऊ दिली नाहीत. शहराच्या कला समितीसमोर तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत एका सदस्याने पट्टी काढून ड्रॉइंगवर शिल्पाच्या दोन पत्र्यांमधली फट मोजली: साडेतीन ते नऊ इंचांच्या मधली फट म्हणजे लहान मुलाचं डोकं अडकायची जागा. आमची सहा इंच होती. ड्रॉइंग परत. ही चूक बाईंच्या नजरेतून सुटायला नको होती, पण माझ्याही सुटली.

करारात मात्र त्या कुणाचंच ऐकेनात. पुढे इमारत विकली, चौक बदलला, तर कलाकृतीचं काय? साहेब म्हणाले, आमची वस्तू, आम्ही बघू. तेव्हा बाईंनी शिल्पकार अमरनाथ सहगल यांचा खटला काढला. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं त्यांचं कांस्य भित्तिशिल्प 1979 मध्ये उतरवून गोदामात टाकलं. 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे उरलेले भाग त्यांना परत द्यायला लावले आणि वर पाच लाख रुपये भरपाई. वस्तू सरकारचीच होती, तरीही. त्यानंतर करारात तीन ओळी वाढल्या: हलवण्याआधी कलाकाराला लेखी कळवायचं, मुदत द्यायची, परत घ्यायची पहिली संधी त्याला.

आता उरलेल्या दीड ताऱ्याचं. समजावताना बाईंनी फिलाडेल्फियाचा फोटो दाखवला होता. एक टक्क्याचा नियम तिथे 1959 पासून आहे, आणि त्यातूनच 1976 मध्ये सिटी हॉलसमोर शिल्पकार ओल्डनबर्ग यांचा पंचेचाळीस फुटी कपड्याचा चिमटा उभा राहिला; पैसे एका बिल्डरचे. साहेब त्या गंजल्या रंगावर असे भाळले की आम्हालाही कॉर-टेनच हवं झालं. हे पोलाद वरून गंजतं आणि तोच थर आतलं राखतो, इथवर सगळं खरं. पण थर पक्का होईपर्यंत पावसाचं पाणी तांबूस होऊन खाली ओघळतं. आमच्या चौकात फिकट ग्रॅनाइट आहे. पहिल्याच पावसाळ्यात शिल्पाभोवती कुणी पानाची पिंक टाकून गेल्यासारखे ओघळ उमटले. बुंध्याशी हातभर खडीचा पट्टा आणि खाली पाणी काढून नेणारा चर एवढंच हवं होतं. देखभालीच्या टिपणात त्यांनी एकच वाक्य लिहिलं होतं: ‘वर्षातून एकदा पाण्याने धुवावे.’ धुतल्यावर ओघळ आणखी दोन हात पुढे गेले.

त्यात लोक टेकतात आणि शर्टाला गंज घेऊन जातात. सुरक्षारक्षकाने दोरी बांधली, तर शहराच्या निरीक्षकाने ती काढायला लावली: ‘जवळ जाता येईल अशी’ ही अट आहे, आणि देखभालीची हमी मालमत्तेच्या कागदावर नोंदलेली. खडीचा पट्टा आता आम्ही आमच्या खर्चाने करतोय. बाईंना फोन केला तेव्हा त्यांनी चूक मान्य केली, चराचं ड्रॉइंग फुकट करून दिलं. म्हणून साडेतीन, तीन नाही.

शिल्प कसं आहे, हे राहिलंच. मला आवडतं. दुपारी चारनंतर दोन पत्र्यांमधून उन्हाची एक पट्टी येते आणि समोरच्या बसथांब्यावरची माणसं तिच्यात येऊन उभी राहतात. साहेबांना अजून हंसच बरे वाटतात.

पुढच्या इमारतीसाठीही यांनाच बोलावलंय. फक्त या वेळी पहिल्या बैठकीला आमचा सफाईचा सुपरवायझरही बसणार आहे.