रॅम वाढवली, आता ती वापरायची कशी?

तिसऱ्या पिढीचा इंटेल आय-फाइव्ह प्रोसेसर असलेला, २०१२ च्या सुमारचा लॅपटॉप. आत ४ जीबी रॅम आणि ५४०० आरपीएमची हार्ड डिस्क. मी आणखी ४ जीबीची स्टिक टाकली, झाकण लावलं, मशीन चालू केलं. स्क्रीनवर आलं: ८ जीबी, आणि शेजारी कंसात 'वापरण्याजोगी २.९१ जीबी'. आधी वाटलं दुकानदाराने फसवलं. स्टिक मात्र ठणठणीत होती, विंडोजच ३२-बिट होती.

त्यामुळे ३२ की ६४ बिट, यात तुलना करण्यासारखं काही नाही. ३२-बिट विंडोज ७ किंवा १० ला ४ जीबीच्या पुढे पोहोचताच येत नाही, आणि त्यातलाही वाटा ग्राफिक्स वगैरे खातात. ३२ वरून ६४ वर थेट अपग्रेड होत नाही, बॅकअप घेऊन नव्याने इन्स्टॉल करावं लागतं. एक रविवार जातो, पण नाहीतर रॅमवर घातलेले पैसे जातात.

खरी निवड रॅम की एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, कितीतरी वेगवान डिस्क), ही. ती अंदाजाने करू नका. नेहमीची सगळी कामं उघडा आणि विंडोज १० च्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी बघा. तिथे 'कमिटेड' खाली ६.३/८.९ असं काहीतरी दिसेल, म्हणजे प्रोग्रॅमना कबूल केलेली मेमरी आणि तिची मर्यादा, जीबीमध्ये. पहिला आकडा तुमच्या रॅमपेक्षा बराच मोठा असेल, तर मशीन उरलेला भार डिस्कवर ढकलतंय. अशा वेळी आधी रॅम. आकडा ३ च्या आसपास असेल आणि तरीही चालू व्हायला चहा होऊन जात असेल, तर रॅमचा दोष नाही. एसएसडी घ्या. मला विचाराल तर ४ जीबीवाल्यांना शेवटी दोन्ही लागतात, पण ८ जीबी असलेल्याने १६ च्या मागे लागण्याआधी एसएसडीच घ्यावी.

८ जीबीची एक स्टिक की ४ च्या दोन? या पिढीत ग्राफिक्स मुख्य रॅममधूनच जागा घेतं, म्हणून दोन स्टिक जोडीने चालल्या की व्हिडिओ आणि खेळांमध्ये फरक जाणवतो. ४ च्या जोडीला ८ टाकली तरी चालते: ८ जीबीपर्यंत जोडीने, वरचे ४ एकेरी. खरेदी करताना व्होल्टेज बघा. चौथ्या-पाचव्या पिढीच्या लॅपटॉपना १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते, १.५ व्होल्टची जुनी डीडीआर३ त्यात चालेलच असं नाही.

आता मोकळी दिसणारी रॅम. हौशी लोक रॅम डिस्क करतात, म्हणजे रॅमचाच एक तुकडा ड्राइव्हसारखा वापरतात. वेग अफाट, पण वीज गेली की आतलं सगळं गेलं, आणि तो तुकडा बाकीच्या कामांना कायमचा बंद. त्याउलट काहीच केलं नाही, तर विंडोज आणि लिनक्स (विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत सिस्टिम) दोघंही नुकत्याच वाचलेल्या फाइली मोकळ्या रॅममध्ये ठेवतात आणि एखाद्या प्रोग्रॅमला जागा लागली की लगेच सोडतात. टेंपररी फाइलींचा धडाका असेल, उदाहरणार्थ मोठे प्रोग्रॅम कंपाइल करणं, तरच रॅम डिस्कचा विचार करा. पेजफाइल, म्हणजे रॅम अपुरी पडली की विंडोज वापरते ती डिस्कवरची जागा, बंद करण्याचा सल्लाही वाचायला मिळतो. ८ जीबीवर तसं केलं, तर कमिटेडची मर्यादा रॅमइतकीच उरते आणि भरल्या ब्राउझरसकट प्रोग्रॅम कोसळतात. पेजफाइलला हात लावू नका.

राहिली सिस्टिम. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि या पिढीचे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. टॅली किंवा एखादं ठराविक सॉफ्टवेअर सोडता येत नसेल, तर विंडोजवर राहणं भाग आहे. फक्त ब्राउझर, यूट्यूब आणि पत्रं टाइप करणं एवढंच असेल, तर ८ जीबीवर लिनक्स मिंट आरामात चालतं. तिथे टर्मिनलमध्ये 'फ्री' कमांड दिल्यावर 'फ्री'खालचा आकडा एवढासा दिसतो आणि माणूस घाबरतो. उजवीकडचा 'अव्हेलेबल' वाचा.