सीएलडीक्यू की एसएफ-३६ : लिव्हरच्या रुग्णाला नेमकं काय विचारावं?

लिव्हरच्या जुनाट आजारात रुग्णाच्या जगण्याचा दर्जा मोजायचा ठरलं की शोध बहुतेक वेळा दोन प्रश्नावल्यांवर येऊन थांबतो : कुठल्याही आजारात चालणारी एसएफ-३६ आणि खास लिव्हरच्या आजारासाठीची सीएलडीक्यू. प्रबंधासाठी किंवा ओपीडीतल्या नोंदींसाठी यातली कोणती घ्यावी, असं सोलापुरातले शिकाऊ डॉक्टर आणि नवे समुपदेशक मला अधूनमधून विचारतात. मी आधी वर्षभर एसएफ-३६ वापरली, मग सीएलडीक्यू घेतली आणि अजून तीच चालू आहे.

एसएफ-३६ वाईट नाही, हे आधी सांगतो. लिव्हरच्या रुग्णाची तुलना मधुमेहाच्या रुग्णाशी किंवा धडधाकट माणसाशी करायची असेल, तर तीच घ्यावी. तिचे ० ते १०० चे आकडे कुठल्याही आजारात लावता येतात. सीएलडीक्यूचा आकडा लिव्हरच्या बाहेर कामाचा नाही.

तरीही एसएफ-३६ वरून माझं मन उठलं, ते 'गेल्या चार आठवड्यांत' या तीन शब्दांमुळे.

आमच्याकडे येणाऱ्यांत पोटात पाणी होणारे बरेच असतात. दर दोन-तीन आठवड्यांनी ते पाणी काढायला येतात. आदल्या दिवशी या माणसाला उताणं झोपता येत नाही, दोन घासांत पोट गच्च होतं, चप्पल घालायला वाकता येत नाही. पाच-सहा लिटर पाणी निघालं की दोन दिवसांनी तोच माणूस चौकापर्यंत चालत जाऊन चहा पिऊन येतो. यंत्रमागावर उभ्यानं आयुष्य काढलेले एक मामा होते. त्यांना मी चार आठवड्यांचं विचारलं, तर म्हणाले, "सायेब, पाणी काढायच्या आधीचं सांगू का नंतरचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. थोडा वेळ थांबून तेच म्हणाले, "बरं हाय म्हणून लिवा." मी लिहिलं. त्यानंतर हाच प्रश्न इतक्या जणांनी विचारला की हातातल्या कागदावरचा माझा विश्वासच उडाला. चार आठवड्यांत त्यांचे हाल झालेले दिवसही होते आणि मोकळे दिवसही. कागदावर उतरायचं ते दोन्हींच्या मधलं काहीतरी, जे त्यांनी एकही दिवस भोगलेलं नसायचं.

एसएफ-३६ ची एक आठवड्याची आवृत्तीही आहे, तीही करून पाहिली. पाणी काढल्यानंतरच्या आठवड्यात विचारलं तर सगळं छान, आधीच्या आठवड्यात विचारलं तर सगळं वाईट. सीएलडीक्यू दोन आठवड्यांचं विचारते. आमच्या रुग्णांचं पोट भरण्या-उतरण्याचं एक चक्कर त्यात साधारण मावतं. हा अनुभव माझ्या ओपीडीपुरता असेल. ज्यांच्या पोटात पाणीच होत नाही अशांचा अभ्यास करणाऱ्याला ही अडचण कदाचित जाणवणारही नाही.

दुसरं कारण प्रश्नांचं. सीएलडीक्यू १९९९ मध्ये 'गट' (Gut) या वैद्यकीय नियतकालिकात आली. यूनोसी आणि सहकाऱ्यांनी १५६ बाबींतून गाळून तिचे २९ प्रश्न ठेवले. त्यात खाज आहे, पोटऱ्यांत येणारे गोळे आहेत, तोंडाला पडणारी कोरड आहे, दिवसा येणारी झापड आहे. एसएफ-३६ अंगदुखी विचारते, खाज विचारत नाही. विडी वळणाऱ्या एका मावशींचा मेल्ड स्कोअर, म्हणजे रक्ततपासणीवरून काढलेला लिव्हरच्या आजाराच्या गंभीरतेचा आकडा, कमी होता, एसएफ-३६ चे आकडेही बऱ्यापैकी. सीएलडीक्यूतला खाजेचा प्रश्न वाचला तेव्हा त्यांनी काही न बोलता बाही वर सरकवली. कोपरापर्यंत नखांचे ओरखडे होते. पथ्याचा जाच होतो का, हा प्रश्नही तसाच. मीठ कमी करायचं म्हणजे सोलापूरकराच्या कडक भाकरीसोबतची शेंगाचटणी गेली. एरवी हो-नाहीत उत्तरं देणारी माणसं इथं भरभरून बोलतात.

सीएलडीक्यूत खोटही आहे. उत्तराच्या सात पायऱ्या आहेत, आणि 'बहुतेक वेळ' व 'बराच वेळ' यांतला फरक वयस्कर माणसाला समजावताना दमछाक होते. शिवाय ७ म्हणजे त्रास अजिबात नाही. रुग्णाला वाटतं, आकडा मोठा तर त्रास मोठा. म्हणून मी आकडे सांगतच नाही, जिन्याचं चित्र दाखवून बोट ठेवायला सांगतो. गरज पडली तर लिव्हर मिळेल का, याची काळजी वाटते का, असाही एक प्रश्न आहे. प्रत्यारोपणाचं नाव ज्यांनी कधी ऐकलेलं नसतं, त्यांचा चेहरा तिथं उतरतो. तो मी शेवटी आणि सावकाश विचारतो. लॅक्ट्युलोज या पोट साफ करणाऱ्या औषधामुळे दिवसातून चारदा जावं लागतं म्हणून एसटीत बसायचीच धास्ती वाटते, ही तक्रार मी सतत ऐकतो. तिच्यासाठी दोन्हींत जागा नाही. मी ती समासात लिहून ठेवतो.

लिव्हरच्याच रुग्णांसाठीची एलडीक्यूओएल ही आणखी एक प्रश्नावली सर्वांत भरगच्च आहे. सीएलडीक्यूत नसलेला लैंगिक आयुष्याचा भागही तिच्यात आहे. पण एसएफ-३६ धरून तिचे १११ प्रश्न होतात, आणि ज्याला दुपारची मंगळवेढ्याची गाडी गाठायची आहे त्याला ते विचारायला माझी जीभ रेटत नाही. इक्यू-५डी ही कुठल्याही आजारात चालणारी छोटी प्रश्नावली पाच मिनिटांत होते. खर्चाचा हिशोब मांडायचा असेल तर ती जरूर पाहा.

तुम्ही सीएलडीक्यूकडे वळलात तर मला आनंद होईल. मात्र वापरण्याची परवानगी आधी घ्या, आणि हाती येणारं मराठी भाषांतर उलट भाषांतर करून (म्हणजे मराठीतून पुन्हा इंग्रजीत आणून) तपासलेलं आहे का तेही पाहा. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या रुग्णासाठी मुलाला दुभाषा करू नका, वॉर्डातलं कुणीतरी भाषा जाणणारं शोधा. मुलगा "अण्णांना काही त्रास नाही" असंच सांगतो. आजारपणाचा घरच्यांवर भार पडतो का, हा प्रश्न तर सून शेजारी बसलेली असताना विचारण्यात अर्थच नाही. आणि फॉर्मच्या वरच्या कोपऱ्यात पाणी शेवटचं कधी काढलं ती तारीख लिहा. छापील कागदावर तिच्यासाठी रकाना नाही, मी पेनानं आखून घेतो.