नवशिक्यांसाठी बागकामाचा पर्यावरणस्नेही भेटसंच: खोका देखणा, बियांची निवड फसलेली

बागकामाला नव्याने सुरुवात करणाऱ्यांना भेट देण्यासाठी जे पर्यावरणस्नेही संच मिळतात, त्यांपैकी एक मी वापरून पाहिला. पुठ्ठ्याच्या साध्या खोक्यात काथ्याच्या लहान कुंड्या, दाबून वाळवलेल्या कोकोपीटच्या (नारळाच्या भुश्याच्या) चकत्या, बियांच्या चार पुड्या, लाकडी मुठीचे खुरपे आणि बीजकागदाचे, म्हणजे बिया मिसळलेल्या आणि मातीत पेरता येणाऱ्या कागदाचे, शुभेच्छापत्र एवढेच साहित्य आहे. त्यात प्लॅस्टिक औषधालाही सापडत नाही, आणि ‘हिरव्या’ म्हणवणाऱ्या सगळ्याच भेटवस्तूंबद्दल असे म्हणता येत नाही.

सर्वांत समाधान दिले ते कोकोपीटने. चकतीवर कोमट पाणी ओतताच ती काही मिनिटांत कित्येक पट फुगते आणि लहानांइतकीच मोठी माणसेही तिच्याकडे टक लावून पाहतात. पर्यावरणाच्या दृष्टीनेही ही निवड योग्य आहे, कारण रोपवाटिकांत वापरले जाणारे पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) दलदलींतून उकरून काढावे लागते आणि तेथे त्याचा थर वर्षाला जेमतेम १ मिलिमीटरने वाढतो, तर कोकोपीट हे नारळाच्या सोडणापासून काथ्या काढताना उरणाऱ्या भुश्यापासून तयार होते. मात्र त्यात अन्नद्रव्ये नगण्य असतात. बीज अंकुरण्यापुरते ते पुरते. पुढे अंकुराच्या पहिल्या बीजदलांनंतरची खरी पाने फुटू लागली की गांडूळखतासारखे काही द्यावेच लागते, आणि सोबतच्या माहितीपत्रकात याविषयी चकार शब्द नाही.

कुंडीसकट रोप मातीत लावावे, ही सूचना पत्रकात आहे, पण ती अर्धवट आहे. कुंडीचा काठ मातीच्या वर उघडा राहिला, तर काथ्या मुळांभोवतीची ओल शोषून हवेत सोडतो आणि पाणी घालूनही रोप सुकते, म्हणून काठ पूर्ण गाडणे किंवा कापून टाकणे आवश्यक असते.

माझा खरा आक्षेप बियांविषयी आहे. सूर्यफूल, झेंडू आणि टोमॅटो ठीक. पण चौथी पुडी लॅव्हेंडरची आहे, बहुधा खोक्यावर तिचे जांभळे चित्र शोभून दिसते म्हणून. लॅव्हेंडरचे बी मुळातच मंद असते, पेरण्यापूर्वी काही आठवडे थंडाव्यात ठेवल्यास ते बरे उगवते आणि एरवी कितीतरी आठवडे मातीवर काही दिसतही नाही. पहिल्यांदाच पेरणी करणारा माणूस तोपर्यंत आपल्या हातालाच गुण नाही असे समजून कुंडी उचलून ठेवतो. त्याऐवजी मुळा दिला असता, तर आठवड्याच्या आत कोंब दिसले असते. पुड्यांवर बियाणे कधी भरले याची तारीख नाही, हीही उणीवच आहे.

खुरप्याचे पाते मुठीत घट्ट बसवलेले आहे. मुठीला अधूनमधून जवसाचे तेल लावले की झाले. बीजकागद ओलसर मातीवर पसरून त्यावर मातीचा अगदी पातळ थर द्यावा आणि दाटीने उगवलेली रोपे निर्दयपणे विरळ करावीत.

भेट देणाऱ्याने लॅव्हेंडर काढून मुळ्याची पुडी आणि थोडे गांडूळखत ठेवले, तर हा संच मी निःशंकपणे सुचवेन. ज्यांच्या खिडकीत दिवसाला सहाएक तास ऊन येत नाही, त्यांना मात्र तो देऊ नये, कारण टोमॅटो आणि सूर्यफूल दोन्ही तेथे नुसतीच लांबोडकी वाढतील.