विन्या तोन्दोनिया रेसेर्वा: काही महिन्यांच्या वापरानंतर

रंग बघूनच या वाईनला नापास करणारे बरेच भेटतात. मध्ये फिकट माणिक, कडेला विटकरी-नारिंगी झाक. काळपट जांभळ्या, दाट रेडची सवय असलेल्याला हिच्यात पाणी घातल्यासारखं वाटतं. पहिला घोट घेतला की आंबटपणा जिभेच्या दोन्ही कडांना धरतो आणि तो संशय बहुतेकदा तिथेच मिटतो.

स्पेनच्या रिओहा भागातल्या आरो गावी, रेल्वे स्टेशनच्या शेजारी, लोपेझ दे एरेदिया घराण्याची ही वायनरी १८७७ पासून चालू आहे. आता चौथी पिढी कारभार बघते. तोन्दोनिया हे मळ्याचं नाव. एब्रो नदीच्या वळणात पसरलेला हा मळा शंभर हेक्टरांहून मोठा आहे. द्राक्षांत साधारण ७५ टक्के टेम्प्रानियो, १५ टक्के गार्नाचा, उरलेलं ग्रासियानो आणि मासुएलो. अल्कोहोल १३ टक्क्यांच्या आसपास.

रिओहाच्या नियमाप्रमाणे रेसेर्वा म्हणायला एकूण ३ वर्षं मुरवण पुरते, त्यातलं निदान १ वर्ष पिंपात. ही वाईन सुमारे ६ वर्षं पिंपात असते. अमेरिकन ओकची २२५ लिटरची पिंपं वायनरीतच बांधतात आणि वर्षानुवर्षं दुरुस्त करून वापरतात. त्यामुळे एवढा काळ लाकडात काढूनही लाकूड अंगावर येत नाही. मागे रेंगाळतो तो सुक्या खोबऱ्याचा वास. तो अमेरिकन ओकचाच. पुढे वाळलेली चेरी, तंबाखू, जुनं चामडं. वर्षातून दोनदा वाईन एका पिंपातून दुसऱ्यात काढतात, शेवटी अंड्याच्या पांढऱ्याने निवळतात (कडक शाकाहारी पाहुण्यांना हे आधीच सांगावं) आणि गाळत मात्र नाहीत.

म्हणून बाटलीत साका असतो, आणि घरी होणारे निम्मे घोटाळे त्यावरूनच होतात. आडवी ठेवलेली बाटली उघडण्याआधी निदान २४ तास उभी करा. विमानातून आली असेल तर दोन-तीन आठवडे तिच्याकडे बघूही नका; ढवळलेला साका जिभेवर बारीक मातीसारखा लागतो आणि शेवट कडवट करतो. ओतताना बाटलीच्या मानेमागे मोबाईलचा दिवा धरा, एकाच संथ धारेत ओता, काळी रेघ खांद्याशी आली की थांबा. तळाची ५०-६० मिली सोडून द्यायची. वाटल्यास रश्श्यात घाला.

जुन्या सालाची बाटली असेल तर कॉर्क मऊ झालेलं असतं. लिव्हरचा जोरकस ओपनर वापरला की ते मधोमध तुटतं. दोन पात्यांचा ओपनर घ्या: लांब पातं आधी, मग आळीपाळीने दाबत दोन्ही आत, आणि पिळत पिळत वर. तरी चुरा पडलाच तर चहाची गाळणी आहेच.

उघडल्यावर आधी तळघराचा कोंदट वास येतो. बाटली टाकून द्यायची घाई करू नका. वीस मिनिटांत तो उडाला तर वाईन ठणठणीत आहे. पेल्यात ठेवल्यावर उलट वाढत गेला, ओल्या पुठ्ठ्यासारखा झाला, फळाचा वास हरवला, तर कॉर्क बाधलेलं आहे आणि त्याला उपाय नाही. कॉर्क बाटलीच्या तोंडाच्या वर आलेलं, बाजूने ओघळ, वास शिजवलेल्या जॅमचा, असं असेल तर वाटेत किंवा गोदामात ऊन लागलंय. अशी बाटली दुकानदाराला परत करावी, न उघडता दिसलं तर उत्तमच. अक्रोडासारखा किंचित वास मात्र या शैलीतलाच आहे.

डिकँटरमध्ये, म्हणजे वाईन ओतून तिला हवा लावायच्या काचेच्या भांड्यात, तासन्‌तास ठेवू नका. सहा वर्षांत हिने पिंपात पुरेशी हवा खाल्लेली असते. अर्धा तास खूप झाला.

सगळ्यात जास्त फरक पडतो तापमानाने. रेड म्हणजे खोलीच्या तापमानाला, हा सल्ला थंड दगडी घरांतला. पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात ३२ अंशांवर ओतलेली हीच वाईन स्पिरिटसारखी नाकात जाते आणि नुसती आंबट लागते. १६-१७ अंश हवेत. फ्रिजमध्ये काही वेळ, तोही दारात नको, उघडझापीत साका हलतो. बर्फ आणि पाणी निम्मं-निम्मं असलेल्या बादलीत दहा-बारा मिनिटं. पेल्यात एका वेळी १०० मिलीच ओता, नाहीतर तळाशी येईपर्यंत गरम. साठवण १२-१४ अंशांच्या वाईन कूलरमध्ये. नसेल तर उन्हाळ्यापूर्वी संपवा.

अर्धी उरली तर ३७५ मिलीच्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी फळ थोडं मागे सरतं, तंबाखू पुढे येतो, आणि मला तर ती तेव्हाच अधिक आवडते. तिसऱ्या दिवसानंतर उतरण लागते.

जेवणाचं म्हणाल तर तांबड्या रश्श्याबरोबर पैसे वाया. तिखटाने अल्कोहोल चटका देतं आणि वास मरतो. आरोकडे हिच्याबरोबर द्राक्षाच्या काटक्यांवर भाजलेल्या कोकराच्या चापा खातात. आपल्याकडे मिरी, लसूण आणि थोडा गरम मसाला घातलेलं सुकं मटण, तिखट बेताचं, किंवा लोण्यात परतलेल्या अळंब्या. वांग्याचं भरीतही जमतं, कच्चा कांदा वगळून.

विकत घेताना बाटलीचा आकार बघा. याच घराण्याची बोस्कोनिया उतरत्या खांद्यांच्या बाटलीत येते, तोन्दोनिया रेड सरळ खांद्यांच्या. त्यांचीच कुबियो हलकी आणि स्वस्त, तीनेक वर्षं पिंपात राहिलेली. शैली पचते का हे आधी तिच्यावर बघा. भारतात कर मोजून घेण्यापेक्षा युरोपातून येणाऱ्याला सांगणं परवडतं: प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. चेक-इन बॅगेत, कपड्यांच्या मधोमध.