फोल्डिंग व्हीलचेअर: इंदूरच्या घरातून सिस्सूच्या बर्फात

खुर्ची ॲल्युमिनियमची, घडी होणारी. मागची मोठी चाकं २४ इंची, मधलं बटण दाबलं की निघतात. पुढची छोटी ८ इंची. टायर भरीव, म्हणजे पंक्चरची कटकट नाही. फूटरेस्ट बाजूला फिरवून काढता येतात, आर्मरेस्ट मागे उचलले जातात. वजन साडेतेरा किलोच्या आसपास. दिवाळीच्या आधी इंदूरच्या दवा बाजारातल्या एका सर्जिकलच्या दुकानातून घेतली, वीस हजारांच्या आत बसली. आता पावसाळा सरत आलाय. मधल्या काळात ती रोज घरात वापरली, गावात फिरवली आणि जानेवारीत थेट मनालीच्या पुढे सिस्सू गावाच्या बर्फात नेली. खुर्ची विकत घेणाऱ्यांना आणि घरच्या चालू न शकणाऱ्या माणसाला घेऊन बर्फ बघायला निघणाऱ्यांना, दोघांनाही उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहिते आहे.

वापरणारी माझी आत्या. वय ६८. लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय पूर्ण लुळा पडला, उजव्यावर आधार धरून क्षणभर उभी राहते. कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) आणि कुबड्यांवर तिनं बँकेतली सगळी नोकरी केली, दोन जिने चढून. आता पायांपेक्षा खांदेच बोलायला लागलेत. भारत २०१४ साली पोलिओमुक्त जाहीर झाला, पण ज्यांना आधीच पोलिओ होऊन गेला त्यांतले कितीतरी जण आता साठी-सत्तरीत आहेत आणि कुबड्यांनी त्यांचे खांदे खाल्लेत, हे कुणाच्या फारसं लक्षात येत नाही. डॉक्टरांनी खुर्ची सांगितली तेव्हा आत्यानं दोन अटी घातल्या. एक, खुर्ची मीच चालवणार. दोन, मला कुणी उचलून घ्यायचं नाही. लहानपणभर लोकांच्या काखेत बसून झालंय म्हणाली.

पहिला मुद्दा मापाचा. दुकानदार १८ इंची सीटच पुढे सरकवत होता, 'आंटीजी आराम से बैठेंगी'. चाकं हातानं फिरवायच्या खुर्चीत सीटच्या मापात साधारण ८ इंच मिळवा, तेवढी तिची एकूण रुंदी होते. १८ ची सीट म्हणजे २६ इंचांची खुर्ची. आपल्याकडच्या जुन्या घरांची न्हाणीघराची दारं २४-२६ इंचांवर संपतात. आत्याला १६ पुरते, ती घेतली, आणि ती आमच्या रामबागेतल्या घरात प्रत्येक दारातून जाते, एका दारातून अगदी बोटभर जागा राखून. माणूस बसल्यावर दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच मोकळा राहिला की माप बरोबर. जास्त ऐसपैस खुर्चीत माणूस एका अंगाला कलतो आणि चाकाला हात नीट पोचत नाही.

गावातला वापर थोडक्यात सांगते. नोव्हेंबरात हयातीचा दाखला, सानंद संस्थेची नाटकं, लग्नकार्यं, सकाळी कोपऱ्यावर पोहे-जिलबी, सगळीकडे खुर्ची कामी आली. डिकीत सहज मावते, मी एकटी चढवते. राजवाड्याजवळच्या फरसबंदीवर पुढची चाकं दात वाजवतात. सराफ्यात, म्हणजे रात्री खाऊगल्ली होते त्या बाजारात, दहानंतर व्हीलचेअर नेऊ नये, आत्या मानत नाही, पण नेऊ नये.

डिसेंबर लागला आणि तिनं बर्फाचा विषय काढला. 'लांबून डोंगरावरचा नको, हातात घ्यायचा आहे.'

अशा सहलीचा हिशोब किलोमीटरमध्ये करू नका. माणूस एका बैठकीवरून दुसऱ्या बैठकीवर किती वेळा हलवावा लागेल ते मोजा. खुर्चीतून गाडीत, गाडीतून खुर्चीत, खुर्चीतून विमानाच्या सीटवर, पलंगावर, कमोडवर. दमवणारं हेच असतं, रस्ता नव्हे. आम्ही जागा अशीच निवडली. गुलमर्ग फार सुंदर, पण बर्फात टनमर्गपाशी चाकांना साखळ्या लावलेली गाडी घ्यावी लागते, वर पोचल्यावर स्लेज (बर्फावरची घसरगाडी) किंवा गोंडोला (रोपवे), म्हणजे प्रत्येक टप्प्याला उतर-चढ. सिमला फिरायला सगळ्यांत सोपं: कार्ट रोडवरून मॉल रोडवर जायला लिफ्ट आहे आणि मॉलवर गाड्यांना बंदी, त्यामुळे खुर्ची निवांत चालते. पण सिमल्यात नेमका आपल्या तारखांना बर्फ असेल याचा भरवसा नाही. कालका-सिमल्याची छोटी गाडी बघायला गोड, युनेस्कोच्या यादीतली, पण रूळ अडीच फुटांचा, डबे त्याच बेताचे.

मनाली ठरलं ते अटल बोगद्यामुळे. ९.०२ किलोमीटर लांब, ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला. त्याआधी हिवाळ्यात रोहतांगचा घाट बंद झाला की पलीकडचं लाहौल खोरं रस्त्यानं तुटायचं. आता मनालीत बसलेला माणूस गाडीतून न उतरता पलीकडे सिस्सूला, सुमारे ३,१०० मीटर उंचीवर, भर बर्फात पोचतो. उंचीचं भान मात्र ठेवा. इंदूर साडेपाचशे मीटरवर, मनाली दोन हजारांच्या थोडं वर. आम्ही मनालीत आधी दोन रात्री काढल्या, सिस्सूला फक्त दिवसा जाऊन आलो, मुक्काम केला नाही. बीपी, हृदय, श्वास यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, थंडीत बीपी तसंही वर चढतं.

बॅटरीवरची खुर्ची का घेतली नाही असं बरेच जण विचारतात. ती पंचवीस-तीस किलोच्या घरात जाते, दोन पायऱ्या आल्या की तिला उचलायला चार माणसं लागतात. विमानात नेताना लिथियम बॅटरी काढून केबिनमध्ये घ्यावी लागते आणि तिच्या क्षमतेवर मर्यादा असते: एक असेल तर ३०० वॉट-अवरपर्यंत, दोन असतील तर प्रत्येकी १६०. शिवाय कडाक्याच्या थंडीत बॅटरी लवकर उतरते. मैदानी शहरात चांगली, डोंगरात नाही.

विमान इंदूर-दिल्ली-चंदीगड, तिथून गाडी. व्हीलचेअरची मदत तिकीट काढतानाच मागा, ४८ तास आधी कळवलेलं असलं की वाद होत नाही. विमान कंपन्यांच्या या मदतीच्या तीन श्रेणी आहेत. डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिना चढू शकतो पण लांब चालवत नाही, डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिना चढता येत नाही, डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत न्यावं लागतं. फोनवरचा माणूस डोळे झाकून पहिली टाकतो. आपली नेमकी कोणती ते ठासून सांगा, कारण त्यावरच शिडीऐवजी रॅम्प किंवा लिफ्ट आणि आतल्या अरुंद बोळातून जाणारी खुर्ची मिळते. आमच्या खुर्चीचं वेगळं भाडं लागलं नाही. आत्यानं ती विमानाच्या दारापर्यंत सोडली नाही. कर्मचारी त्यांची खुर्ची पुढे करत होता, तिनं बँकेतला आवाज काढला. लगेजमध्ये देताना फूटरेस्ट आणि कुशन काढून आपल्याजवळ ठेवा, सुटे भाग हरवतात.

हॉटेलच्या बाबतीत एक शब्द ऐकायचा नाही: 'व्हीलचेअर फ्रेंडली'. त्याचा अर्थ बहुतेक ठिकाणी एवढाच की रिसेप्शनला एक खुर्ची पडून आहे. आम्ही व्हिडिओ कॉलवर हॉटेलच्या मुलाला टेप धरायला लावला. बाथरूमच्या दाराची रुंदी, उंबऱ्याची उंची, कमोडच्या शेजारी किती जागा, गाडी लागते तिथून खोलीपर्यंत किती पायऱ्या. रॅम्प आहे म्हणाले की त्याची लांबी विचारा. एक इंच उंचीला बारा इंच लांबी हे प्रमाण, म्हणजे सहा इंचांच्या पायरीला सहा फूट. एका ठिकाणी दाखवलेला रॅम्प बॅगांच्या ट्रॉलीसाठी होता, त्यावरून माणूस नेला असता तर सोबत आम्हीही खाली आलो असतो. शेवटी तळमजल्यावरची, फारसा देखावा नसलेली खोली घेतली. 'खिडकीतून पार्किंग दिसेल,' मॅनेजरनं तीनदा बजावलं. आम्हाला पार्किंगच जवळ हवं होतं.

सिस्सूच्या दिवशी खरी परीक्षा झाली, ती बर्फात नाही, गाडीपाशी. ताजा बर्फ पडला की पोलीस पुढे फक्त फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणाऱ्या, गाड्या सोडतात. आमची चंदीगडची गाडी मनालीतच राहिली. खुर्चीची बैठक जमिनीपासून २० इंच, त्या उंच गाडीची ३० च्या वर. उचलायचं नाही ही अट कायम. आम्ही इंदूरहून एक बुटकं, रुंद पायांचं लाकडी स्टूल आणि गाडीच्या दाराच्या कडीत अडकवायचं एक हँडल नेलं होतं. स्टूलखाली गाडीतलं रबरी मॅट उलटं टाकलं, नाहीतर बर्फावर ते सटकतं. आत्या पाठमोरी स्टूलवर चढली, हँडल धरून मागे सीटवर बसली आणि नवऱ्यानं फक्त डावा पाय आत घेतला. हे सगळं घरी आमच्या अंगणात भावाच्या गाडीशी आधी करून बघितलं होतं. करून बघाच.

खुर्ची बर्फात कशी चालते? चालत नाही. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर सकाळी अकराच्या आत ठीक. ऊन चढलं की रबडी होते आणि पुढची चाकं त्यात बसतात ती बसतातच. फूटरेस्ट फावड्यासारखे बर्फ गोळा करत जातात. उपाय एकच: खुर्ची उलटी फिरवा, मागच्या मोठ्या चाकांवर कलती करा आणि ओढत न्या. त्यानं खुर्ची सरकते, पण बसलेल्या माणसाचं तोंड उलट्या दिशेला. 'मला डोंगर दाखवायला आणलंय की टॅक्सी?' असं आत्यानं विचारलंच. मागच्या भरीव टायरवर केबल टाय आवळून बांधले, गाठी वरच्या बाजूला आणि शेपट्या बारीक कापून, म्हणजे हाताला टोचत नाहीत. पकड बरी आली. ब्रेक लावून मात्र बघा, टायवर ब्रेक नीट बसत नाही.

परदेशात पुढच्या चाकांखाली लावायच्या छोट्या स्की मिळतात. माझ्या मुलानं सियागंजमधून पीव्हीसी पाइप आणून, उभा चिरून, तोंडाशी गरम करून वळवला आणि तसल्या दोन चपला तयार केल्या. सरळ रेषेत चांगल्या घसरल्या. वळताना एक निघून गेली, स्थानिक पोरांनी ती पळवून तिच्यावर घसरगुंडी केली. तोवर आत्या नदीच्या बाजूच्या मोकळ्या सपाटीपर्यंत पोचली होती. खाली वाकून तिनं बर्फ उचलला, गोळा केला आणि माझ्या वडिलांना, म्हणजे तिच्या धाकट्या भावाला, मारला. नेम चांगला आहे तिचा.

थंडीबद्दल एक महत्त्वाचं. पोलिओच्या पायात संवेदना असते, पण रक्तपुरवठा आणि स्नायू कमी, म्हणून तो पाय निळसर आणि गारठलेला होतो आणि तासन् तास तसाच राहतो, स्नायूंचा जोरही कमी पडतो. दोन सैलसर लोकरी मोजे, घट्ट नाही, आणि वरून पाय आत घालायची पिशवी. ज्यांच्या पायांना स्पर्शच कळत नाही, पाठीच्या मणक्याची इजा किंवा मधुमेहामुळे, त्यांनी गरम पाण्याची पिशवी पायाशी ठेवू नये, भाजलेलं समजत नाही. चाकाबाहेरची हातानं फिरवायची कडी धातूची, ती बर्फासारखी होते. लोकरी हातमोजे त्यावर घसरतात, तळव्याला रबर असलेले हार्डवेअरच्या दुकानातले मोजे उत्तम. गॉगल विसरू नका, ढग असले तरी.

परत आल्यावर खुर्चीची अवस्था: पुढच्या चाकांत बर्फाचं पाणी शिरलं आणि आठवड्याभरात किरकिर सुरू झाली. बेअरिंग ६०८ नंबरची निघाली, बेअरिंगच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळाली, नवऱ्यानं बदलली. फूटरेस्टचे स्क्रू गंजले, फ्रेमला काही नाही. खुर्ची बर्फातून आली की त्याच रात्री पुसून, मोठी चाकं काढून, आतून कोरडी करा. उन्हाळ्यापर्यंत ब्रेक ढिले पडले, ॲलन कीनं सरकवून घेतले. सीटचं कापड आता थोडं झोळ धरतंय, त्यावर टणक कुशन टाकलंय, वर्षभरात कापड बदलावं लागेल असं दिसतं. दुकानदाराला सुट्या भागांचं आधी विचारा. आमचा म्हणाला 'सब मिल जाएगा', आर्मरेस्टचा फोम अजून यायचाय.

या किमतीत खुर्ची पैसे वसूल आहे, स्वतः चाक फिरवणाऱ्या सडपातळ माणसासाठी. वापरणाऱ्याला दिवसभर दुसऱ्यानंच ढकलायचं असेल तर मोठी चाकं हवीत कशाला, १२ इंची चाकांची हलकी घ्या. पण बर्फात जायचं असेल तर मोठ्या चाकांना पर्याय नाही, कलती करून ओढायला तीच लागतात.

आत्याची तक्रार वेगळीच आहे आणि तिचा आग्रह की ती लिहावीच. मागच्या ढकलायच्या मुठी. मुठी दिसल्या की कुणीही अनोळखी माणूस न विचारता धरतो आणि ढकलायला लागतो. विमानतळावर, लग्नात, मनालीच्या मॉलवर. सद्भावनेनं करतात, पण चाकावर हात असताना खुर्ची अचानक पुढे गेली तर बोटं सापडतात. मुठी खाली दुमडणाऱ्या खुर्च्याही मिळतात, १६ इंचीत मागवाव्या लागतात. तिनं दुकानदाराला सांगून ठेवलंय.