जॉब ऑफरच्या 50 गुणांचा सौदा

माझा धाकटा भाऊ सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात अभियंता आहे. कॅनडात कायम वास्तव्यासाठी गुणांवर निवड करणाऱ्या एक्स्प्रेस एन्ट्री योजनेत त्याचे गुण थोडक्यात कमी पडत होते. 2025 च्या पावसाळ्यात होटगी रोडवरील एका सल्लागाराने त्याला एलएमआयएसह (परदेशी कामगार नेमण्यासाठी मालकाला लागणारी कॅनडा सरकारची मंजुरी) जॉब ऑफर मिळवून देतो, त्याचे 50 गुण वाढतील, असे सांगून साडेतीन लाख रुपये घेतले. पावतीवर मात्र ‘फाइल चार्ज’ एवढेच लिहिले. वास्तविक जॉब ऑफरचे गुण कॅनडा सरकारने 25 मार्च 2025 पासूनच बंद केले आहेत, त्यामुळे ती ऑफर खरी असती तरी एक गुणही वाढला नसता.

प्रोफाइलचा पासवर्ड सल्लागाराने स्वतःकडेच ठेवला होता. बराच तगादा लावल्यावर तो मिळाला आणि आत पाहतो तर भावाच्या नावावर त्याने कधीही न केलेली व्यवस्थापकाची नोकरी चढवलेली. सोबतच्या अनुभवपत्रावर गोल शिक्का होता, पत्ता सोलापूरचा होता आणि पिन कोड 411 ने सुरू होणारा, म्हणजे पुण्याचा होता. असा अर्ज पुढे गेला असता तर खोट्या माहितीबद्दल पाच वर्षांची बंदी भावावर आली असती, कारण अर्ज कोणीही भरला तरी त्यातील मजकुराला अर्जदारच जबाबदार धरला जातो.

सर्वांत संताप येतो तो याचा, की गुण वाढवण्याचा सरळ मार्ग भावाच्या निकालपत्रातच होता आणि सल्लागाराने तो दडवला. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत त्याला वाचन, लेखन व संभाषणात 7 आणि श्रवणात 7.5 बँड होते. श्रवणात 8 मिळाले की चारही कौशल्ये सीएलबी (कॅनडाची भाषा-पातळीची मोजपट्टी) 9 ला पोहोचतात आणि अविवाहित, एक पदवी व कॅनडाबाहेरील तीन वर्षांहून अधिक अनुभव असलेल्या अर्जदाराचे भाषेचे 8, शिक्षणाशी जोडलेले 12 व अनुभवाशी जोडलेले 25, असे 45 गुण वाढतात. पुन्हा परीक्षा देण्याचा विषय भावाने काढला, तेव्हा ‘त्यात वेळ घालवू नका’ असे उत्तर मिळाले होते.

ते प्रोफाइल आम्ही मागे घेतले आहे. बँकेच्या नोंदी व व्हॉट्सअ‍ॅप संदेश जोडून पोलिसांत तक्रार दिली आहे. पैसे अद्याप परत आलेले नाहीत. एक्स्प्रेस एन्ट्रीचे प्रोफाइल भरायला शुल्क नाही, आणि पैसे घेणारा सल्लागार परवानाधारक आहे का, हे कॅनडातील इमिग्रेशन सल्लागारांच्या नियामक संस्थेच्या खुल्या नोंदवहीत पाहता येते. ज्यांनी अशा ठिकाणी आधीच पैसे भरले आहेत, त्यांनी प्रथम पासवर्ड ताब्यात घ्यावा आणि आपल्या नावावरची प्रत्येक नोकरी स्वतः वाचून पाहावी.